समुद्रसहल : आधी तयारी, मग तवक्कुल

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी तालीम, नोकऱ्या किंवा शिष्यवृत्त्या यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन, अशी आपली अपेक्षा असेल. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु गेल्या पालक सभेत एक प्रश्न निघाला आणि तो अर्धवटच राहिला. वरच्या वर्गातील मुलामुलींनी कयाकमधून खाडीत एक सकाळ घालवण्याची परवानगी मागितली होती. सभेत दोन तट पडले. काही पालक म्हणाले, "समुद्राचे नाव काढू नका." काही म्हणाले, "मुले आहेत, जाऊ द्या, अल्लाह मालिक आहे." माझ्या अल्पमतीप्रमाणे ही दोन्ही उत्तरे एकाच आळसातून येतात. पहिल्यात विचार करण्याचा त्रास वाचतो आणि दुसऱ्यात तयारी करण्याचा. आज मी या दोहोंच्या मधल्या रस्त्याविषयी बोलणार आहे.

कयाक म्हणजे काय, हे काही बुजुर्गांना ठाऊक नसेल. ती एक अरुंद, लांबट आणि हलकी होडी असते. एक किंवा दोन माणसे तिच्यात पाय लांब करून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती चालवतात. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या लोकांनी सीलच्या शिकारीसाठी कातड्याच्या अशा होड्या फार पूर्वीपासून वापरल्या. आता त्या प्लास्टिकच्या होतात आणि आपल्या कोकण किनाऱ्यावरही भाड्याने मिळू लागल्या आहेत. दिसायला खेळणे वाटते. पण जे खेळणे समुद्रावर तरंगते, त्याला समुद्राचेच कायदे लागू होतात.

आपण तर दर्याची माणसे. आपल्या दालदी बांधवांचे पोट दर्यावर आहे. आपल्या कित्येक घरांतील आजे-पणजे आगबोटींवर खलाशी, टिंडल, सारंग म्हणून राबले. मी स्वतःही आयुष्याची उमेदीची वर्षे जहाजावर काढली. त्यामुळे समुद्र आपल्याला कळतो, असा आपला समज असतो. हा समज किती धोक्याचा आहे, ते मी माझ्याच उदाहरणाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही नात्यातली सातजणे चार कयाक घेऊन सकाळी साडेसहाला निघालो. पाणी आरशासारखे शांत होते. मी सर्वांत वडील आणि जहाजावरचा माणूस, म्हणून पुढारीपण माझ्याकडे होते. किनाऱ्यापासून थोडे पुढे गेलो, तेव्हा पाठीमागून थंड वारा येत होता आणि होड्या आपोआप पुढे सरकत होत्या. मुले खूष झाली. परतायला वळलो, तेव्हा कळले की तोच वारा आता तोंडावर आहे आणि ओहोटीही लागली आहे. दोन पोरांची कयाक वल्ही मारूनही मागेच जात होती. आमच्याजवळ दोर नव्हता. फोन होता, पण तो पिशवीत भिजून बंद पडला होता. किनाऱ्यावर कोणालाही आमची परतण्याची वेळ सांगितलेली नव्हती. जाळी काढून परतणाऱ्या एका मचव्याच्या तांडेलाने आम्हांला पाहिले, त्या दोन मुलांना ओढून आणले आणि मला चार शब्द ऐकवले. ते शब्द मी येथे सांगत नाही, पण ते सर्वस्वी योग्य होते. हजारो टनांच्या जहाजावर मिळालेला अनुभव दोन हातांच्या होडीला लागू पडत नाही, हे मला त्या दिवशी समजले. आमचे नशीब चांगले होते, एवढेच. नशीब ही योजना नव्हे.

सर्वांचेच नशीब असे नसते. याच प्रकारची, परंतु अत्यंत दुःखद घटना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाच्या उपसागरात २२ मार्च १९९३ रोजी घडली. प्लिमथच्या एका शाळेतील आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक सकाळी दहाच्या सुमारास लाइम रीजिस येथून कयाक घेऊन निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने शेजारच्या चारमथ गावी जायचे होते. अंतर सुमारे तीन किलोमीटर. दुपारच्या जेवणाला परत, असा बेत होता. थोड्याच वेळात शिक्षकांची होडी उलटली. एक प्रशिक्षक त्यांच्या मदतीला थांबला. दुसऱ्याने मुलांच्या होड्या एकमेकींना धरून एकत्र ठेवल्या. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहत होता. त्या वाऱ्याने मुलांचा जथा आत आत ढकलला आणि दोन्ही गट एकमेकांना दिसेनासे झाले. लाटा वाढल्या, होड्यांत पाणी भरले, एकेक होडी उलटली आणि मुले मार्च महिन्याच्या गारठलेल्या पाण्यात कित्येक तास राहिली. त्यांच्याकडे इशाऱ्याचे अग्निबाण नव्हते, बिनतारी यंत्र नव्हते. दुपारी बाराला परतणारे लोक परतले नाहीत, तरी तटरक्षक दलाला खबर गेली ती साडेतीनच्या सुमारास. हेलिकॉप्टर आले, पण चार विद्यार्थी वाचू शकले नाहीत.

पुढे चौकशी झाली. प्रशिक्षकांची पात्रता नवख्या मुलांना खुल्या समुद्रावर नेण्याएवढी नव्हती, हे उघड झाले. त्याहून विदारक गोष्ट अशी की, त्याच केंद्रात पूर्वी काम केलेल्या प्रशिक्षकांनी तेथील ढिलाईला कंटाळून नोकरी सोडली होती आणि अपघाताच्या कित्येक महिने आधी व्यवस्थापनाला पत्र लिहून धोक्याची जाणीव दिली होती. ते पत्र कोणी मनावर घेतले नाही. १९९४ साली न्यायालयाने त्या कंपनीला आणि तिच्या संचालकाला मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवले आणि संचालकाला तुरुंगवास झाला. १९९५ साली ब्रिटिश पार्लमेंटने मुलांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. तेथील लोकांनी मुलांना समुद्रावर पाठवणे बंद केले नाही. पाठवण्याची पद्धत बदलली.

हे परदेशातले झाले. आपल्याकडच्या जखमा अजून ओल्या आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रकिनारी पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ विद्यार्थ्यांनी भरलेली बोट उलटून तीन मुली गेल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. या तारखा पाहा. सगळ्या जानेवारी-फेब्रुवारीच्या, म्हणजे आपण ज्याला शांत हंगाम म्हणतो त्यातल्या. वादळ कोठेच नव्हते.

या चारही घटना मी एकत्र ठेवून पाहिल्या, तेव्हा ध्यानात आले की घात समुद्राने एकट्याने केला नाही. जी गोष्ट आदल्या दिवशी, किनाऱ्यावर बसून, कागद-पेन्सिल घेऊन ठरवता आली असती, ती ठरवलेली नव्हती. म्हणून मी म्हणतो, सुरक्षित सहल पाण्यावर सुरू होत नाही, ती टेबलावर सुरू होते. त्या टेबलावर कोणत्या गोष्टी ठरवायच्या, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट माणसांची. किती जण आणि कोण कोण? समजा, बारा विद्यार्थी आहेत. नवख्यांसाठी दोघांच्या कयाक बऱ्या, म्हणजे सहा होड्या झाल्या. सहा विद्यार्थ्यांमागे एक, असे दोन जाणते प्रशिक्षक हवेत. एक सर्वांच्या पुढे आणि एक सर्वांच्या मागे. पुढच्याच्या पुढे कोणी जायचे नाही आणि मागच्याच्या मागे कोणी राहायचे नाही. हाक ऐकू जाणार नाही एवढे अंतर दोन होड्यांत पडू द्यायचे नाही. याशिवाय एक यांत्रिक होडी सोबत हवी आणि तिच्यावर त्याच गावचा तांडेल हवा, कारण कोठे खडक आहे आणि कोठे वाळूचा बांध सरकला आहे, हे नकाशापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. लाइम बेमध्ये एक माणूस अडचणीत येताच एक प्रशिक्षक त्याच्यापाशी अडकला आणि गट फुटला. सोबत यांत्रिक होडी असती, तर अडचणीतला माणूस तिच्या स्वाधीन करून गट एकत्र ठेवता आला असता.

प्रशिक्षकाला त्याचे प्रमाणपत्र विचारण्याची लाज बाळगू नका. मुलीचे स्थळ पाहताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो, मग मुलीचा जीव ज्याच्या हाती द्यायचा, त्याला एक कागद मागायला संकोच कसला? प्रत्येक विद्यार्थ्याची माहितीही आधी लिहून घ्यावी. पोहता येते का, दमा आहे का, फिट येते का, कोणते औषध चालू आहे? पालकांनी येथे काही लपवू नये. संमतीपत्रावर सही घेतली म्हणजे संस्थेची जबाबदारी संपली, असे पदाधिकाऱ्यांनीही समजू नये. आणि शाळेच्या नावाने सहल न्यायची असेल, तर शासनाची सहलींविषयीची परिपत्रके मुख्याध्यापकांनी नीट वाचून शिक्षण खात्याची लेखी परवानगी घ्यावी. परवानगी नसेल, तर सहल नाही. त्यात पळवाट शोधू नये.

दुसरी गोष्ट जागेची. राजपुरीच्या खाडीचे उदाहरण घेऊ. बहुतेकांनी ती पाहिली आहे. खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला उभा आहे. आत एका बाजूला आगरदांडा आणि समोर दिघी. दिघीला बंदर आहे, तेथे मोठी जहाजे आणि बार्जेस येतात. आगरदांडा-दिघी फेरीबोट चालते. राजपुरीहून जंजिऱ्याकडे प्रवाशांच्या शिडाच्या होड्या जातात. एवढ्या वर्दळीत कयाक म्हणजे हमरस्त्यावरची तीनचाकी सायकल. मोठ्या जहाजाच्या सुकाण्यावरून ती दिसतही नाही, आणि दिसली तरी जहाज चटकन थांबत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. म्हणून मार्ग आखायचा तो खाडीच्या आतल्या अंगाला, एकाच किनाऱ्याच्या लगत. जहाजांची आणि फेरीबोटींची वाट ओलांडायची नाही. किल्ल्याच्या बाहेर जायचे नाही. "इथवर आलोच आहोत, तर पद्मदुर्गापर्यंत जाऊ," असे म्हणणारा एखादा उत्साही प्रत्येक गटात असतो. पद्मदुर्ग खुल्या समुद्रात आहे. त्या उत्साही माणसाला उत्तर देण्याचे काम नकाशावरच्या रेघेने करायचे. जेथून निघणार, जेथे वळणार आणि मध्ये गरज पडल्यास जेथे होड्या वाळूवर चढवता येतील, अशा जागा आधी पायी जाऊन पाहाव्या.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि हीच सर्वांत नाजूक. भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या कोकणातल्या कोळ्याला घड्याळाशिवाय येतो. तिथीला पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल, तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता भरती. त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. हा सगळा खेळ चंद्राचा आहे, आणि आपली हिजरी तारीखही चंद्राचीच. ज्या घरात चाँद पाहून महिना मोजला जातो, त्या घरातील मुलाला उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हे कळायला वेळ लागू नये. महिन्याच्या पहिल्या दोन-तीन तारखांना आणि पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन तारखांना उधाणाचा जोर. आठवीच्या आणि बाविसावी-तेविसावीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी सर्वांत मंद.

आता यातली मेख पाहा. सहलीसाठी भांगाचे मंद पाणी बरे, असे कोणालाही वाटेल. पण अष्टमीला भरती पहाटे सहाला होते, म्हणजे सकाळभर ओहोटी असते आणि ओहोटी होडीला तोंडाकडे, खुल्या समुद्राकडे ओढते. उलट, त्रयोदशी-चतुर्दशीला भरती पावणेदहा ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण होते. त्या दिवशी साडेआठला निघाले, तर भरतीचा शेवटचा मंद भाग मिळतो, पाणी आत जात असते, चिखल झाकलेला असतो आणि चुकून कोणी वाहिलाच तर घराच्या दिशेने वाहतो. खलाशांचा जुना बारावा भागाचा आडाखा आहे. भरतीच्या सहा तासांत पहिल्या तासाला पाण्याचा एक भाग चढतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. ओहोटीचेही तसेच. म्हणजे मधले दोन तास जोराचे, कडेचे तास सौम्य. नवखा माणूस तासाला तीन-चार किलोमीटरपेक्षा वेगाने वल्हवू शकत नाही, आणि खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या ओहोटीचा ओढ त्याच्या बरोबरीचा असू शकतो. मग वल्हे मारून मारून तो जागच्या जागी राहतो. पाऊणपटीचा हिशेब हा मात्र आडाखा समजावा. अंतिम शब्द भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांचा.

पाण्यानंतर वारा. खारे वारे आणि मतलई वारे भूगोलात पाठ करून आपण गुण मिळवतो आणि किनाऱ्यावर गेल्यावर विसरतो. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई. दुपारी जमीन तापते, वारा समुद्राकडून येतो. हा खारा वारा. मतलईची खोड अशी की, किनाऱ्यालगत झाडे आणि टेकड्या यांच्या आडोशाने पाणी अगदी गप्प दिसते. जसजसे आत जावे, तसतसा तो अंगाला लागतो आणि परतीची वाट बंद करतो. लाइम बेमध्ये जमिनीकडच्या वाऱ्यानेच घात केला होता, आणि मला धडा शिकवला तोही मतलईनेच. म्हणून हिवाळ्यात सूर्य बराच वर येऊन मतलई पडल्यावर निघावे आणि दुपारचा खारा वारा उठण्यापूर्वी परत यावे. साडेआठ ते साडेदहा, एवढी दोन तासांची खिडकी आपल्याला मिळते. ती पुरेशी आहे. पावसाळ्यात तर हा विषयच नको. इतर दिवसांतही आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज पाहावा. बंदरावर बावटा लागला असेल, तर सामान न सोडता घरी जावे.

चौथी गोष्ट सामानाची. प्रत्येकाच्या अंगावर मापाचे लाइफ जॅकेट, सर्व बंद लावलेले, किनाऱ्यावर चढवलेले आणि किनाऱ्यावर येऊनच उतरवलेले. मापाची परीक्षा सोपी आहे. जॅकेट घातलेल्या मुलाला खांद्याजवळ धरून वर ओढावे. जॅकेट कानापर्यंत सरकले, तर ते मोठे आहे, बदलावे. होडीत ठेवलेले जॅकेट आणि घरी ठेवलेले जॅकेट यांत काहीही फरक नाही. प्रत्येकाच्या जॅकेटला एक शिटी बांधावी. नवख्यांना वर बसण्याची उघडी कयाक द्यावी, कारण उलटली तरी माणूस तिच्यात अडकत नाही आणि आलेले पाणी भोकांवाटे निघून जाते. प्रशिक्षकाजवळ ओढण्याचा दोर आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, यांत्रिक होडीवर बिनतारी संच असावा, आणि मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा. दर माणशी एक लिटर पिण्याचे पाणी आणि डोक्यावर टोपी घ्यावी. इंग्लंडमध्ये थंडीने मारले, आपल्याकडे ऊन मारते. म्हणूनच रमजानच्या दिवसांत हा बेत करू नये. रोजा आणि उन्हातले वल्हे यांची गाठ घालण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी छातीभर पाण्यात प्रत्येकाने एकदा मुद्दाम होडी उलटवून पुन्हा चढून दाखवावे. ज्याला हे जमले नाही, तो त्या दिवशी किनाऱ्यावर राहील. आणि एक नियम मुलांनी पाठ करावा : होडी उलटली, तर होडी सोडू नये. कयाक बुडत नाही, माणूस थकतो. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघणारा हा पाण्यातला एक ठिपका होतो आणि शोधणाऱ्याला दिसत नाही. रंगीत होडीला धरून राहिलेला दिसतो.

पाचवी गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाची. ही सर्वांत स्वस्त आहे आणि नेमकी हीच विसरली जाते. एक जबाबदार माणूस सहलीत न जाता किनाऱ्यावर बसेल. त्याच्या हातात एक कागद असेल. त्यावर सर्वांची नावे, होड्यांची संख्या आणि रंग, मार्ग, निघाल्याची वेळ, परतण्याची वेळ आणि खबर देण्याची वेळ. परतण्याची वेळ साडेदहा असेल, तर खबर देण्याची वेळ अकरा. अकरा वाजले आणि सगळे आले नाहीत, तर "येतील, आणखी थोडी वाट पाहू," असे म्हणायचा अधिकार त्याला नाही. तटरक्षक दलासाठी १५५४, सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२ हे क्रमांक त्या कागदावर लिहिलेले असावेत. लाइम बेमधले साडेतीन तास आठवा. खबर खोटी ठरली, तर थोडी शरमिंदगी होईल. शरमिंदगीने कोणी मेलेले नाही. सहलीची माहिती सागरी पोलीस ठाण्याला आदल्या दिवशीच देऊन ठेवणे अधिक चांगले.

सहावी गोष्ट "नाही" म्हणण्याची. बस ठरली, भाडे दिले, मुले पहाटे चारला उठून आली आणि किनाऱ्यावर वारा आहे. अशा वेळी परत फिरायला मोठे धैर्य लागते. म्हणून परत फिरण्याच्या अटी घरीच लिहून ठेवाव्या. पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले, तर निघायचे नाही. यांत्रिक होडी आली नाही, तर निघायचे नाही. एक जॅकेट कमी असेल, तर निघायचे नाही. आणि गटातल्या सर्वांत लहान मुलाने "मला भीती वाटते" म्हटले, तर त्याची थट्टा करायची नाही. त्या इंग्रज प्रशिक्षकांच्या पत्राची जी गत झाली, ती आपल्या मुलांच्या शब्दांची होऊ नये. दुसरा बेत तयार असावा. जंजिरा पाहावा, किनाऱ्यावर भूगोलाचा पाठ घ्यावा, जोहरची नमाज जमातीने पढून घरी यावे. ती सहल वाया गेली, असे कोणी म्हणू नये.

आता मुलींविषयी. मला ठाऊक आहे, या सभागृहातील काही मातांच्या मनात प्रश्न आहे आणि तो विचारला जात नाही. मुलींचा गट वेगळा असावा, सोबत शिक्षिका आणि मिळाल्यास स्त्री-प्रशिक्षक असावी, हे रास्त आहे आणि करता येण्याजोगे आहे. पोशाखाची मर्यादा पाळता येते. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब विजार आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल घालून उत्तम वल्हवता येते. परंतु घोळदार बुरखा किंवा मोकळी ओढणी पाण्यात पायात आणि वल्ह्यात गुंतते, भिजून जड होते. ती किनाऱ्यावर ठेवावी लागेल. आणि लाइफ जॅकेट सर्व कपड्यांच्या वर. ज्या किनाऱ्यावर मुलगी वाढते, त्या पाण्यात पडल्यावर काय करावे, हे तिला माहीत नसणे ही मर्यादा नव्हे, तो धोका आहे.

यावरून माझी संस्थेला एक विनंती आहे. पूर्वी आपल्या गावात पाठीला सुका भोपळा बांधून पोरांना विहिरीत पोहायला शिकवत. ती पद्धत गेली, विहिरींवर पंप आले आणि समुद्राकाठच्या आपल्या मुलांना आता पोहता येत नाही. कयाकची सहल पुढच्या वर्षी जावो अथवा न जावो, मुलगे आणि मुली यांना वेगवेगळ्या वेळी पोहणे शिकवण्याची सोय संस्थेने करावी. ज्याला पोहता येत नाही, त्याचे नाव सहलीच्या यादीत घालू नये, एवढा एक ठराव केला, तरी मुले आपण होऊन शिकतील.

मित्रांनो, सुरुवातीला मी "अल्लाह मालिक आहे" म्हणणाऱ्या पालकांचा उल्लेख केला. तो शब्द खराच आहे. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करणाऱ्या बदूला हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी काय करायला सांगितले, हे मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. लाइफ जॅकेटचा बंद लावणे, तिथीची पाऊणपट काढणे, किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती कागद देणे, ही आपली उंट बांधण्याची दोरी आहे. ती बांधून झाल्यावर बिस्मिल्ला म्हणावे आणि वल्हे पाण्यात घालावे.

आणि "समुद्राचे नाव काढू नका" म्हणणाऱ्या पालकांना एवढेच सांगतो की, मुले समुद्रावर जाणारच आहेत. आपल्या देखरेखीखाली गेली नाहीत, तर रविवारी चार दोस्त मिळून, कोणालाही न सांगता जातील. त्यांना शहाणपण शिकवून पाठवायचे, की आंधळेपणाने जाऊ द्यायचे, एवढीच निवड आपल्या हातात आहे. माझ्या त्या फजितीच्या सकाळी एक अनोळखी तांडेल देवदूतासारखा आला. प्रत्येक वेळी तो येईलच, असे नाही. आपल्या मुलांना त्याची गरज पडू नये, एवढी तयारी आपण करू या.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म, हिंमत आणि सलामती देवो. आमीन.